बनातीवर उमललेलं झाड

1849 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात काढलेलं एक छायाचित्र आहे. कॅरोलाइन पार्कर या तिथल्या मूलनिवासी सेनेका जमातीतल्या तरुणीचं. कमरेला गुंडाळलेला बनातीचा घागरा, त्याच्या काठाने पांढऱ्या मण्यांच्या बारीक ओळी आणि समोरच्या कोपऱ्यातून फांद्या पसरत वर गेलेलं झाड. माझी नजर त्या झाडावरून हलत नाही.

या नक्षीचं मूळ मण्यांहून जुनं आहे. आधी होतं हरणाचं कातडं आणि त्यावर साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम. काटे रंगवायचे, तोंडात धरून मऊ करायचे, दातांत दाबून चपटे करायचे आणि मग टाचायचे. युरोपीय व्यापारी आले तशी कातड्याची जागा लोकरी बनातीने घेतली, काट्यांची जागा काचेच्या मण्यांनी. हे मणी व्हेनिस नि बोहेमियाचे. वितळलेल्या काचेची पोकळ नळी हातभर नव्हे, कित्येक वार लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि उष्णता देऊन कडा गोल करायच्या. आपल्या मंगळसूत्राच्या पोतीचे मणी आठवावेत, इतके ते बारीक.

ओवलेली सर कापडावर नक्षीप्रमाणे वळवायची आणि दुसऱ्या दोऱ्याने थोड्याथोड्या अंतरावर टाचत न्यायची. पुढे टाक्याच्या लांबीपेक्षा जास्त मणी ओवून ते कमानीसारखे फुगवायची रीतही आली. नायगाराला येणाऱ्या प्रवाशांसाठी केलेल्या पिशव्यांवर ती दिसते.

परका माल वापरला म्हणून ही कला परकी झाली, असं म्हणणं मला मुळीच पटत नाही. काठावरच्या अर्धगोलांत आकाशाचा घुमट आहे. झाड आहे ते आभाळातलं. ते उपटलं तेव्हा पडलेल्या भगदाडातून आकाशस्त्री खाली आली, पाणपक्ष्यांनी तिला झेललं आणि कासवाच्या पाठीवर पृथ्वी झाली, अशी सेनेकांची सृष्टिकथा.

आणि हे शिवलं जात होतं तेव्हा पायाखालची जमीन जात होती. 1838 च्या कराराने टोनावांडा ही सेनेकांची वस्ती एका जमीन कंपनीच्या घशात चालली होती. ती वाचवण्याच्या लढ्यात सेनेकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील लुईस हेन्री मॉर्गन यांनी राज्याच्या संग्रहासाठी पार्कर कुटुंबाकडून कपडे करवून घेतले. कॅरोलाइनचा भाऊ इली वाटाघाटींत दुभाषा होता. अखेर 1857 च्या कराराने टोनावांडाच्या लोकांना आपलीच साडेसात हजारांवर एकर जमीन पैसे मोजून परत घेता आली.

1911 मध्ये ऑल्बनीच्या विधानभवनाला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या मॉर्गन यांच्या संग्रहातल्या बऱ्याच वस्तू जळाल्या. त्यांच्या 1851 च्या ग्रंथातली चित्रं मात्र उरली. त्यांत घागऱ्याच्या कोपऱ्यातलं ते झाड अजून फांदी-फांदीने पाहता येतं.