व्यावसायिक आरोग्य संशोधनातील कार्यकारणभाव : अॅस्बेस्टॉसच्या इतिहासाच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :
एखाद्या कारखान्यातील कामगारांना विशिष्ट आजार जडला, म्हणजे तो त्या कामामुळेच जडला असे लगेच म्हणता येत नाही. वय, सवयी, निवास व दारिद्र्य ही कारणेही संभवतात. मात्र याच अनिश्चिततेचा आधार घेऊन उपाययोजना लांबविल्या जातात, असा इतिहासाचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात अॅस्बेस्टॉस उद्योगाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पुराव्याची जडणघडण :
इ.स. १९३० मध्ये ब्रिटनमधील मेरेवेदर व प्राइस यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चतुर्थांश कामगारांच्या फुफ्फुसांत तंतुमयता आढळली. वीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. धुळीशी संपर्क वाढतो तसा आजार वाढतो, हा महत्त्वाचा दुवा येथे मिळाला. तथापि, पाहणी कामावर असलेल्यांचीच होती. आजारपणामुळे काम सोडून गेलेले गणनेत आलेच नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष हानी याहून अधिक असणे संभवते.

इ.स. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी किमान वीस वर्षे काम केलेल्या ११३ कामगारांचा अभ्यास मांडला. सर्वसाधारण मृत्युदरानुसार फुफ्फुसाच्या कर्करोगाने ०.८ मृत्यू अपेक्षित असताना प्रत्यक्षात ११ झाले होते. येथे धूम्रपानाचा आक्षेप घेता येईल. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या पुरुषांतही धूम्रपान सर्रास होते. त्यामुळे जवळजवळ चौदा पटींचा फरक केवळ त्या सवयीने उलगडत नाही.

मूल्यमापनाचे निकष :
ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी इ.स. १९६५ च्या व्याख्यानात संबंधाची तीव्रता, सातत्य, कालक्रम, मात्रानुसार वाढ इत्यादी नऊ दृष्टिकोन मांडले. त्यांपैकी एकही निर्विवाद पुरावा ठरत नाही, हे त्यांनीच स्पष्ट केले. मात्र ज्ञान अपूर्ण असल्याने कृती पुढे ढकलण्याची मुभा मिळत नाही, असेही त्यांनी बजावले.

भारतीय संदर्भ :
ब्रिटनने अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये, म्हणजे पहिल्या अहवालानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजीच्या निकालात कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा सेवा संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. अनेक दशकांनी प्रकट होणाऱ्या आजाराचे कारण सिद्ध करावयाचे तर नोंद टिकली पाहिजे, हे तत्त्व यातून अधोरेखित होते.

निष्कर्ष :
कार्यकारणभावाची चिकित्सा कठोर असावी, यात दुमत नाही. परंतु कोण मोजले गेले, कोण वगळले गेले आणि नोंदी कोणाच्या ताब्यात होत्या, हे प्रश्नही त्या चिकित्सेचेच अंग आहेत. ज्या कामगाराची नोंदच नाही, त्याचा आजार कोणत्याही निकषावर सिद्ध होत नाही, हे या इतिहासाचे सार होय.