मायक्रोनेअर

मायक्रोनेअर हे कापसाच्या तंतूंची तलमता आणि पक्वता एकाच आकड्यात सांगणारे परिमाण असून, ठरावीक वजनाची रुई ठरावीक आकारमानात दाबून तिच्यातून हवा सोडली असता हवेला जो विरोध होतो, त्यावरून ते काढले जाते. बारीक किंवा अपक्व तंतूंचा एकूण पृष्ठभाग जास्त भरत असल्याने हवा अडते आणि आकडा कमी येतो. जाड, पूर्ण भरलेल्या तंतूंतून ती सहज निघून जाते आणि आकडा वाढतो. यवतमाळ जिल्ह्यात वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी या कापूस-बाजारपेठांच्या परिसरातील जिनिंग कारखाने आणि रुईचे व्यापारी या परिमाणाला नुसते ‘माईक’ म्हणतात. मायक्रोनेअर हा शब्द मुळात एका उपकरणाचे व्यापारी नाव होता, आणि ज्या कंपनीने तो रूढ केला ती पुढे अनेकदा विकली गेली.

अमेरिकेतील डेटन (ओहायो) येथील शेफील्ड कॉर्पोरेशन ही मुळात यंत्रशाळांसाठी अचूक मोजमापाची साधने करणारी कंपनी होती. धातूच्या भागातील छिद्राचा व्यास मोजण्यासाठी छिद्र आणि मापक यांमधील फटीतून हवा सोडायची आणि निमुळत्या काचनळीतील तरंगता गोळा किती वर चढतो ते पाहायचे, ही ‘एअर गेज’ची पद्धत तिने ‘प्रिसिजनेअर’ या नावाने विकली. तेच तत्त्व १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात कापसाला लावले गेले आणि मायक्रोनेअर यंत्र तयार झाले. मूळ यंत्रात ५० ग्रेन, म्हणजे सुमारे ३.२४ ग्रॅम रुई लागे आणि आकडा दर इंचाला मायक्रोग्रॅम या एककात वाचला जाई. पण हवेचा विरोध आणि तंतूचे वजन यांचे नाते सरळ रेषेत नाही असे दिसून आल्यावर एकक गळून पडले व आकडा उरला. कापूस मोजण्याचे हे साधन बंदुकीच्या नळीचे छिद्र मोजणाऱ्या साधनांच्या कुळातले आहे, हे बाजार समितीच्या आवारात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शेफील्ड कंपनी १९५६ मध्ये बेंडिक्सच्या ताब्यात गेली, पुढे यंत्रसामग्री-उद्योगातील खरेदी-विक्रीत गिडिंग्ज अँड लुईसकडे व १९९७ मध्ये तिच्यासह जर्मनीच्या थिसेनकडे आली, आणि अखेर स्वीडनच्या हेक्सागॉन समूहात विलीन झाली.  मात्र कापूस-चाचणीची सूत्रे तोवर दुसरीकडे गेली होती. तंतूंची लांबी प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे फायब्रोग्राफ हे साधन टेनेसी विद्यापीठातील के. एल. हर्टेल यांनी १९४० च्या सुमारास मांडले. ते बनविणारी नॉक्सव्हिलची स्पिनलॅब कंपनी स्वित्झर्लंडच्या झेलवेगर उस्टरने विकत घेतली, आणि लांबी, ताकद, माईक व रंग एकाच यंत्रात भराभर मोजणारी ‘एचव्हीआय’ यंत्रे मुख्यतः उस्टरच्या नावाने ओळखली जाऊ लागली. उस्टरही २०१२ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजकडे गेली. टोयोटा इंडस्ट्रीज ही मूळची मागांची कंपनी असल्याने त्या सौद्यात निदान धंद्याचे नाते तरी होते.

मालक बदलल्याने आकड्याचा दर्जा बदलला काय, या प्रश्नाचे उत्तर नाममुद्रेपेक्षा प्रमाणनमुन्यांत शोधावे लागते. असे प्रत्येक यंत्र ज्ञात गुणधर्मांच्या प्रमाणित कापसावर जुळवून घ्यावे लागते. भारतात हे काम मुंबईच्या माटुंग्यातील, १९२४ मध्ये प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (सिरकॉट) करीत आली आहे. एकाच यंत्रावरही आयसीसी (इंटरनॅशनल कॅलिब्रेशन कॉटन) व एचव्हीआय अशा दोन जुळणी-पद्धती भारतात दीर्घकाळ नांदल्या, आणि एकाच गाठीच्या ताकदीचे आकडे त्यांत ठळकपणे वेगळे येत. त्यामुळे पद्धत न सांगता दिलेला आकडा खरेदीदाराला निरुपयोगी ठरे. शिवाय चाचणी ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता व सुमारे २० अंश सेल्सिअस अशा वातावरणात व्हावी, असा संकेत आहे. विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये हे वातावरण राखणे यंत्र विकत घेण्याइतकेच खर्चिक असते आणि तेथे कुचराई झाली तर महागड्या यंत्राचाही उपयोग राहत नाही.

किमान आधारभूत किमतीच्या खरेदीत लांब धाग्याच्या कापसासाठी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी व ३.५ ते ४.३ माईक, तर मध्यम धाग्यासाठी २४.५ ते २५.५ मिलिमीटर व ४.३ ते ५.१ माईक हे निकष असून, २०२५-२६ च्या हंगामात त्यांचे दर क्विंटलला अनुक्रमे ८,११० व ७,७१० रुपये होते. फरदडीचा कापूस, म्हणजे नेहमीच्या वेचण्या संपल्यावर पुन्हा पाणी देऊन घेतलेले पीक, बोंडे नीट न भरल्याने माईकमध्ये कमी उतरतो. त्याच्या सुतात गाठी येतात व रंग सारखा चढत नाही. खरेदी केंद्राच्या दारात कापसाची गाडी उभी असताना मात्र ही यंत्रे हजर नसतात. ग्रेडर चिमटीत तंतू ओढून लांबीचा अंदाज घेतो आणि नजरेने प्रत ठरवतो. हातात येणारे उपकरण बहुधा एकच, ओलावा मोजण्याचे.

हे आर्द्रतामापक कापसात खुपसलेल्या विद्युत्-टोकांमधील विरोध मोजून टक्केवारी दाखवते. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे नकार, असा नियम असल्याने एकदोन टक्क्यांचा फरक शेतकऱ्याला थेट रुपयांत जाणवतो. टोके किती खोल गेली, कापूस किती दाबला गेला, ढिगाचा कोणता भाग निवडला यांनुसार आकडा हलतो, आणि दवात रात्र काढलेल्या गाडीचा सकाळचा आकडा दुपारी उन्हात तापल्यावर तोच राहत नाही.