अळणी ताटाची कुळकथा

"ताई, माझा नाश्ता बंद आहे सध्या," लीड्सहून मावसबहीण व्हिडिओ कॉलवर सांगत होती. तिच्यासमोर बिनदुधाच्या कॉफीचा मग, शेजारी नवऱ्याची पोह्यांची बशी. वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. दोन मुलगे आहेत तिला, आठ आणि पाच वर्षांचे. तिसऱ्या वेळी मुलगी हवी म्हणून तीन महिने पथ्य चालू होतं. मीठ, तूप, अंडी, मांस सगळं कमी. त्या पथ्याचं नावच 'लो एव्हरीथिंग', म्हणजे सगळंच थोडं. डोकं दुखतं, जिना चढताना भोवळ येते, मुलांवर उगाच ओरडणं होतं, हे तिनेच सांगितलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मुलगा हवा म्हणून करत असते तर तू रागावली असतीस. मला तर मुलगी हवीय. मग यात वाईट काय?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तिची ओढ खरी होती, आणि पोटात भूक घेऊन बसलेल्या माणसाशी वाद घालू नये. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे ताट तिच्यासमोर आलं कुठून? कुणी वाढलं ते?

तिचं डोहाळजेवण नाशिकला झालं होतं. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने उघडली तिच्यात बर्फी निघाली, सगळ्या जणी "मुलगी, मुलगी" म्हणून ओरडल्या आणि महिन्याभराने मुलगा झाला. खेळच तो, कुणी मनावर घेतलं नाही. 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. गर्भिणीच्या ठायी दोन हृदयं असतात, एक तिचं आणि एक बाळाचं, म्हणून तिचं मागणं पुरवायचं, ही त्यामागची जुनी समजूत. डोहाळ्यांत बाई मागते आणि घर देतं. पथ्यात घर मागतं आणि बाई सोडते.

'डाएट' या शब्दाचं मूळही पाहण्यासारखं आहे. ग्रीक 'डिआइता' म्हणजे जगण्याची रीत. आपण आहारविहार म्हणतो ना, तेच. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या, सुमारे 2400 वर्षांपूर्वीच्या आहारविहारावरच्या एका ग्रंथात मुलगा-मुलगी ठरवण्याचं पथ्य आहे. देह आग आणि पाणी यांचा बनलेला. मुलगी हवी तर पाण्याकडे झुकणारा, थंड, ओला, सौम्य आहार घ्यावा. मुलगा हवा तर कोरडा आणि उष्ण. आणि पुढे स्पष्ट म्हटलं आहे की हे पुरुषाने करावं, आणि नुसतं पुरुषाने नाही, स्त्रीनेही. क्रम लक्षात ठेवावा असा आहे. आधी पुरुष, मग स्त्री.

आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानातही पथ्य दोघांनाच सांगितलं आहे. पुरुषाने मधुर औषधांनी सिद्ध केलेलं तूप आणि दूध घ्यावं, स्त्रीने तेल आणि उडीद. पुढे दिवसांचा हिशेब येतो: पुत्र हवा असलेल्या जोडप्यासाठी सम दिवस, कन्या हवी असलेल्यासाठी विषम. म्हणजे मुलगी मागणारं जोडपंही ग्रंथकाराला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी 'दुहितृकामौ' असा शब्दच तिथे आहे. माझ्या बहिणीला मी तो वाचून दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली.

मात्र विधी म्हणून टिकला तो मुलाचाच. पुंसवन. आश्वलायन गृह्यसूत्रातलं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहतं. तिसरा महिना, पुष्य नक्षत्र, स्वतःच्याच रंगाचं वासरू असलेल्या गाईचं दही. दह्याच्या प्रत्येक ओंजळीत दोन उडदाचे दाणे आणि एक जवाचा दाणा. नवरा विचारतो, काय पितेस? ती म्हणते, पुंसवन. असं तीनदा. दोन गोल दाणे आणि एक लांबट, कशाची आकृती आहे ते वेगळं सांगायला नको. जे हवं त्याच्यासारखं दिसणारं पोटात घालायचं. यात औषध नाही, चित्र आहे. आणि इथे ओंजळ तिची आहे. नवरा प्रश्न विचारणारा झाला आहे.

या कथेला खरं वळण मिळालं ते एकोणिसाव्या शतकात, प्रयोगशाळेत. 1873 साली अमेरिकेतल्या मेरी ट्रीट या निसर्गनिरीक्षक बाईंनी फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या. पोटभर पाला मिळालेल्यांतून माद्या जास्त निघाल्या, उपाशी ठेवलेल्यांतून नर. जिनिव्हाच्या एमिल युंग यांनी बेडकाच्या पिल्लांना मांस खाऊ घातलं. बेडकाचंच मांस मिळालेल्या तुकडीत 92 टक्के माद्या मोजल्या गेल्या. हे सगळे दाखले 1889 साली 'द इव्होल्युशन ऑफ सेक्स' या पुस्तकात एकत्र आले. लेखक दोन, जे. आर्थर थॉमसन आणि पॅट्रिक गेडिस. हे गेडिस म्हणजे तेच, जे पुढे 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा सिद्धांत असा, की भरपूर पोषणातून मादी घडते आणि टंचाईतून नर.

अळ्यांच्या प्रयोगावर तेव्हाच आक्षेप आला होता. मादीची अळी मोठी, तिला खायला जास्त लागतं; उपासमारीत आधी ती मरते. उरलेल्या मोजल्या की नर जास्त दिसणारच. उपाशी ठेवून नर तयार झाले नव्हते, माद्या मेल्या होत्या. हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले.

नऊच वर्षांनी, 1898 मध्ये, व्हिएन्नाचे गर्भशास्त्रज्ञ लेओपोल्ड शेंक यांनी वेगळीच वाट काढली. आईच्या लघवीत साखरेचा अंशही नको, तिने मांसासारखा प्रथिनांचा आहार घ्यावा, पीठ-साखर कमी करावी, गर्भधारणेच्या दोन-तीन महिने आधीपासून; म्हणजे मुलगा होईल. युरोप-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं, पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी निघालं. सहकाऱ्यांना मात्र ते पटलं नाही. 1900 मध्ये शेंक यांना विद्यापीठातली जागा सोडावी लागली. त्यांच्या पथ्यात पुरुषाच्या ताटाला हात लावलेला नव्हता.

आणि मग 1905. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होत्या. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक इवलंसं. म्हणजे नराच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या: निम्म्यांत 10 मोठी, निम्म्यांत 9 मोठी आणि ते एक लहान. लहान असलेली पोचली की नर, नसलेली पोचली की मादी. शास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तसंच दिसलं. माणसातही हाच नियम. बाईचं बीज प्रत्येक वेळी सारखंच असतं, फरक पुरुषाकडून येतो.

मला या कुळकथेत सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. ज्या काळात काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा ग्रीक वैद्याने आणि चरकाने पथ्य दोघांना सांगितलं. फरक पुरुषाकडून येतो हे कळलं, त्यानंतर निघालेली पथ्यं बाईच्याच ताटात पडली.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं पथ्य फ्रान्सचं. त्याचं मूळ भूमध्य समुद्रातल्या बोनेलिया नावाच्या हिरव्या किड्यात आहे. या किड्याची अळी मोकळ्या तळावर पडली तर बहुधा मादी होते, मादीच्या सोंडेला चिकटली तर नर. जर्मन शास्त्रज्ञ कुर्ट हर्ब्स्ट यांनी समुद्राच्या पाण्यातले क्षार बदलून या अळ्यांचं लिंग बदलतं का ते पाहिलं. तो धागा पॅरिसच्या जोसेफ स्टोल्कोव्स्की यांनी गाईंपर्यंत आणि मग स्त्रियांपर्यंत आणला. 1980 साली मॉन्ट्रियलचे डॉक्टर जाक लोरां यांच्यासोबत त्यांनी निबंध लिहिला. फ्रान्समध्ये फ्रांस्वा पापा या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो आहार लोकप्रिय केला आणि लोक त्याला 'पापा पथ्य' म्हणू लागले. पापा हे डॉक्टरांचं आडनाव. बाळाच्या पप्पांना काही सोडायला लागत नव्हतं.

मुलगा हवा असेल तर मीठ आणि पोटॅशियम भरपूर: खारवलेलं मांस, बटाटे, केळी; आणि दूध, दही, चीज बंद. मुलगी हवी असेल तर दूध-दही, वर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोळ्या, आणि मीठ बंद. पावसुद्धा बिनमिठाचा.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अळणी. अलवणचं अळणी. व्रताचं एक दिवसाचं अळणी जेवण निभतं. बहिणीच्या फोननंतर मी चार दिवस अळणी जेवून पाहिलं. पहिल्या दिवशी भाकरी मातीसारखी लागली. दुसऱ्या दिवशी वरणात लिंबू पिळून भागवलं. तिसऱ्या दिवशी भूक होती, पण ताटाकडे जावंसं वाटेना; घरातल्यांच्या लोणच्याच्या वासाने चिडचिड व्हायला लागली. चौथ्या दिवशी मी सोडलं. पापा पथ्य अडीच महिने करायचं असतं, आणि दिवस गेले नाहीत तर आणखी पुढे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या बाईला तर मिठाचा हा खेळ धोक्याचा.

माझ्या बहिणीचं पथ्य याहून नवं. 1973 साली ट्रिव्हर्स आणि विलार्ड या संशोधकांनी मांडलं की धडधाकट मादीला नर पिल्लं जास्त होत असावीत. 2008 मध्ये ब्रिटनमध्ये फिओना मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी 740 गर्भवतींचा आहार तपासला: गर्भधारणेच्या सुमारास सर्वांत जास्त उष्मांक घेणाऱ्या एक तृतीयांश जणींत 56 टक्के मुलगे, सर्वांत कमी घेणाऱ्यांत 45 टक्के. सकाळच्या सीरियलचा संबंध दिसला, आणि 'नाश्ता करा, मुलगा होईल' असे मथळे झळकले. त्याचं उलटं करून नाश्ता सोडला जाऊ लागला. पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली यंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सव्वाशेहून अधिक पदार्थ एकेक करून तपासले तर एखादा निव्वळ योगायोगाने जुळणारच. तो खुलासा मथळ्यांइतका पसरला नाही.

गेडिस म्हणत होते उपासाने मुलगा होतो. नवं पथ्य म्हणतं उपासाने मुलगी. तरी दोन्ही 'लागू पडतात', कारण निसर्गात दर 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. पथ्य कोणतंही घ्या, निम्म्या घरांत ते खरं ठरतं. त्या घरांतल्या बायका पुढच्यांना सांगतात. उरलेल्या निम्म्या म्हणतात, माझंच कुठेतरी चुकलं, मी एकदा चिप्स खाल्ले होते.

महाराष्ट्रात ही गोष्ट ताटापुरती राहत नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. त्याआधीच, 2003 साली, गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात गर्भधारणेपूर्वीची निवडही आली होती, आणि कलम 22 मध्ये अशा कोणत्याही उपायाची जाहिरात गुन्हा ठरली, उपाय शास्त्रीय असो वा नसो. हरयाणात मुलासाठी घेतल्या जाणाऱ्या गावठी औषधांत संशोधकांना संप्रेरकांसारखी द्रव्यं सापडली, आणि ती घेण्याचा बाळांतल्या जन्मजात व्यंगांशी संबंध दिसला.

पुढच्या फोनवर मी बहिणीला नेटी स्टीव्हन्सची गोष्ट सांगितली, 19 आणि एकाची. तिचा नवराही मागे उभा राहून ऐकत होता. "म्हणजे मी उपाशी राहून काहीच हलत नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझी तब्येत हलते." ती काही बोलली नाही. मुलांना शाळेत सोडायचं होतं, फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. "ताई, आज कणकेत मीठ घातलं. बाकीचं बघू."