साठ की आठ?

ध्वनिफितीवरचं बोलणं कागदावर उतरवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा एका वृद्ध विणकराच्या आठवणी उतरवताना मी लिहिलं, ‘आठ रुपये कर्ज होतं.’ मजकूर वाचून दाखवला, तेव्हा चाचा म्हणाले, ‘‘बेटा, साठ. आठ असते तर माग विकावा लागला नसता!’’

घरी येऊन मित्राचा चांगला हेडफोन लावला. ‘स’ स्पष्ट ऐकू आला. तो फितीत होताच; माझ्या स्वस्त हेडफोनने गिळला होता. ‘स’चं बळ मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वरच्या, बारीक आवाजात असतं. जुना टेलिफोन जेमतेम ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचवी. म्हणून फोनवर नावं दोनदा सांगावी लागत.

गंमत अशी, की ही साधनं मुळात शब्दांसाठीच जन्मली. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ घडवला आणि पुढच्या वर्षी त्याचे उपयोग सांगितले. यादीत पहिला होता पत्रांचा मजकूर सांगणं. गाणं मागून आलं. कचेरीतले लेखनिक कानात रबरी नळ्या घालून ऐकत आणि लिहीत. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या नॅथॅनियल बाल्डविनने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन नौदलाकडे धाडले. चाचणीत ते सरस ठरले; पण एका वेळी दहाच बनवता येतील, असं त्याने कळवलं. बिनतारी संदेश तासन्‌तास टिपणाऱ्यांच्या कानांवर ते चढले.

१९५८ मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला, तो संगीतासाठी. पुढे बाजारात खर्जाचा दणका मोठा झाला. पण दणदणीत खर्ज नाजूक व्यंजनं झाकून टाकतो.

तेव्हा उतरवण्याच्या कामासाठी हेडफोन घेताना गाणं लावून पाहू नका. ओळखीच्या माणसाचं बोलणं लावा. ‘साठ-आठ’, ‘पाट-पाठ’ वेगळे ऐकू येतात का, ते पाहा. वजन हलकं हवं, गादी कानाभोवती बसणारी हवी. दोन तासांनी डोकं दुखलं, तर चुका होणारच. घरात गोंगाट असेल तर बंद कपांचा घ्या, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. वायरचा असला तर ऐन कामात चार्जिंग संपत नाही.

मात्र मूळ ध्वनिमुद्रणातच अक्षर नसेल, तर महागडा हेडफोनही ते आणणार नाही. तिथे अंदाज लिहू नये. माणसाला पुन्हा विचारावं. चाचा आज नाहीत. त्यांच्या कागदावर मात्र साठ रुपयेच आहेत.