योसेमिटीची वाट

एका दिवसाच्या सहलीचा बेत ही वरवर पाहता अगदी घरगुती गोष्ट आहे. पहाटे किती वाजता निघावयाचे, कोणते वाहन घ्यावयाचे आणि दिवेलागणीच्या आत परत कसे यावयाचे, एवढाच तिचा आवाका. परंतु हाच बेत जेव्हा लक्षावधी माणसे एकाच ठिकाणासाठी करू लागतात, तेव्हा तो घरगुती राहत नाही. त्यासाठी डोंगर फोडले जातात, लोहमार्ग टाकले जातात आणि उखडलेही जातात, कायदे केले जातात आणि बदलले जातात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास म्हणजे, एका अर्थाने, तेथे पोहोचण्याच्या वाटेचाच इतिहास होय.

सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशीत मर्सेड नदीने आणि प्राचीन हिमनद्यांनी कोरलेली ही दरी सुमारे सात मैल लांब आणि जेमतेम एक मैल रुंद आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे. त्यांतील एल कॅपिटान हा कडा तळापासून तीन हजार फूट सरळ वर गेलेला. आणि योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट खाली कोसळणारा. या सृष्टीवैभवाला एक मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे: दरीचा तळ अरुंद आहे, आणि तो वाढविता येत नाही. पुढील सर्व कथेचे मूळ या साध्या भूगोलात आहे.

या दरीत अवानीची लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्यांच्या पायवाटा होत्या आणि त्या त्यांना पुरेशा होत्या. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर खाणवाल्यांची झुंड डोंगरांत शिरली, संघर्ष पेटला, आणि १८५१ च्या मार्च महिन्यात मॅरिपोसा येथील स्वयंसेवकांची पलटण या लोकांना हुसकावून लावण्यासाठी दरीत उतरली. बाहेरच्या जगाला योसेमिटीची वाट उमगली ती अशी. चारच वर्षांनी, १८५५ साली, जेम्स हचिंग्ज हा गृहस्थ प्रवाशांची पहिली तुकडी घेऊन तेथे गेला आणि परत येऊन त्याने दरीची वर्णने व चित्रे प्रसिद्ध केली. मूळ रहिवाशांना घालवून देणारी वाट आणि पाहुण्यांना बोलावणारी वाट यांच्यात केवळ चार वर्षांचे अंतर होते, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

१८६४ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी ही दरी आणि मॅरिपोसाची महावृक्षांची राई सार्वजनिक उपभोगासाठी कायम राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. सार्वजनिक उपभोगासाठी हे शब्द उदात्त खरे. पण तेथवर जाणे त्या काळी फार थोड्यांना शक्य होते. सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघालेल्या प्रवाशाला आधी नौका, मग घोडागाडी आणि शेवटी खेचराची पाठ पत्करावी लागे. १८७२ साली रेल्वे मर्सेडपर्यंत आली, आणि १८७४ साली दोन खासगी कंपन्यांत दरीच्या तळापर्यंत गाडीरस्ता आधी कोण नेतो याची चढाओढ लागली. कोल्टरव्हिलचा रस्ता जून महिन्यात पोहोचला, बिग ओक फ्लॅटचा त्यानंतर महिन्याभरात. दुसऱ्या वर्षी वावोनाचा तिसरा रस्ता झाला. तिन्ही रस्त्यांवर टोल द्यावा लागे. धूळ, हादरे आणि उभी वळणे यांनी प्रवासी शिणून जात. एका दिवसाच्या सहलीची कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. जो जाई तो आठवडा दोन आठवडे मुक्काम ठोकूनच येई.

या परिस्थितीत खरा पालट घडविला तो १९०७ साली. त्या वर्षी मर्सेड नदीच्या काठाकाठाने सुमारे ७८ मैलांचा लोहमार्ग मर्सेडपासून एल पोर्टलपर्यंत सुरू झाला. उद्यानात रूळ नेण्यास परवानगी नव्हती, म्हणून गाडी सीमेशीच थांबे, आणि तेथून पुढचे दहाबारा मैल घोडागाडीने जावे लागे. त्याच वर्षी उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी आणखी एक निर्णय घेतला. १९०० साली पहिली मोटार धडपडत दरीत येऊन गेली होती, आणि तिच्यामागून आणखी येऊ लागल्या होत्या. घोडे बुजतात, अरुंद रस्त्यांवर अपघात होतात, या कारणांसाठी मोटारींना बंदी करण्यात आली.

योगायोग असा की, याच १९०७ साली सह्याद्रीतही अशीच एक छोटी रेल्वे सुरू झाली. पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी त्याच वर्षी डोंगर चढू लागली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: गिरिशिखरांवरील शांतता न बिघडविता माणसांना तेथे न्यावयाचे कसे? दोन्ही ठिकाणी पहिले उत्तरही एकच होते: रुळांवरून. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

अमेरिकेत मोटारवाल्यांचे संघ बलिष्ठ होत चालले होते. १९१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय उद्यानांची परिषद योसेमिटीतच भरली आणि तिच्यात मोटारीचा प्रश्न सर्वांत जास्त गाजला. ब्रिटनचे अमेरिकेतील वकील आणि थोर इतिहासकार जेम्स ब्राइस यांनी त्याच सुमारास एका भाषणात सावधगिरीचा इशारा दिला. नंदनवनात शिरलेल्या सर्पाची उपमा मोटारीला देऊन त्यांनी या दरीचे दार तिला उघडू नका, असे निक्षून सांगितले. परंतु १९१३ साली गृहखात्याचे मंत्री फ्रँकलिन लेन यांनी बंदी उठविली. सुरुवातीचे नियम कडक होते. घोडागाडी समोरून आली की मोटारीने रस्त्याच्या बाहेरच्या कडेला थांबावे, ठरलेल्या वेळीच निघावे, आणि दोन चौक्यांमधले अंतर ठरलेल्या वेळेच्या आत ओलांडू नये, असा दंडक होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. अरण्यावर जिवापाड प्रेम करणारे जॉन म्यूर आणि त्यांचे सहकारी यांनी मोटारीविरुद्ध रान का उठविले नाही? याचे उत्तर शेजारच्या दुसऱ्या एका दरीत सापडते. त्याच उद्यानातील हेच हेची नावाच्या दरीत सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण बांधण्याचा घाट घातला गेला होता. म्यूर यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. पण १९१३ च्या डिसेंबरात धरणाला मंजुरी देणारा कायदा झाला, आणि वर्षभराने म्यूर यांचे निधन झाले. या पराभवातून उद्यानांच्या कैवाऱ्यांनी एक धडा घेतला. हेच हेची दरी फारच थोड्या लोकांनी पाहिली होती. जे लोकांनी पाहिलेले नाही त्याच्या रक्षणासाठी लोक धावून येत नाहीत. म्हणजे अरण्य वाचवावयाचे तर तेथे माणसे गेली पाहिजेत, आणि माणसे जावयाची तर रस्ता हवा.

१९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक स्टीफन मेथर यांनी हीच नीती अंगीकारली. त्यांची रस्त्यांवरील निष्ठा एवढी की, १९१५ साली त्यांनी खाणीसाठी बांधलेला जुना टायोगा घाटरस्ता पदरचे आणि मित्रांचे पैसे घालून विकत घेतला व सरकारला देऊन टाकला. १९२६ साली मर्सेडहून बारमाही पक्का रस्ता खुला झाला. १९३३ साली वावोना रस्त्यावर ४,२३३ फूट लांबीचा बोगदा झाला. मोटारीपुढे लोहमार्गाचा टिकाव लागणे कठीण झाले. १९४५ साली शेवटची गाडी धावली आणि रूळ उखडले गेले.

त्यानंतर जे घडले ते अंकांतच पाहावे. १९५४ साली वर्षाकाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. २०१६ साली ती पन्नास लाखांच्या पुढे गेली. बासष्ट वर्षांत माणसे पाचपट झाली; दरी मात्र होती तेवढीच राहिली, सात मैल लांब आणि एक मैल रुंद. पूर्वी जो प्रवासी आठवडाभर राही तो आता सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागला. एका दिवसाची सहल शक्य झाली खरी; परंतु सुटीच्या दिवशी तिच्यातले कित्येक तास मोटारींच्या रांगेत आणि गाडी उभी करण्यास जागा शोधण्यात जाऊ लागले. ब्राइस यांचा इशारा आणि मेथर यांचा विश्वास हे दोन्ही एकाच वेळी खरे ठरले.

यावर उपाय शोधण्यास १९७० साली सुरुवात झाली. त्या वर्षी दरीच्या पूर्व भागात विनामूल्य बसगाड्या सुरू झाल्या आणि काही रस्ते खासगी मोटारींना बंद झाले. १९८० च्या आराखड्यात तर दरीतून सर्व खासगी मोटारी कालांतराने हद्दपार करण्याचे ध्येय लिहून ठेवण्यात आले. ते आजवर सिद्धीस गेलेले नाही. १९९७ च्या जानेवारीत मर्सेड नदीला आलेल्या महापुराने रस्ते आणि निवासस्थाने उद्ध्वस्त केली, तेव्हा पुन्हा काय बांधावयाचे आणि काय बांधावयाचे नाही, याचा विचार नव्याने करणे भाग पडले. २००० साली मर्सेड व आसपासच्या गावांतून उद्यानात जाणाऱ्या सार्वजनिक बसगाड्यांची व्यवस्था उभी राहिली. मॅरिपोसाच्या राईतील वाहनतळ काढून टाकण्यात आला, महावृक्षांच्या मुळांवरील डांबर उखडण्यात आले, आणि २०१८ पासून पाहुण्यांना दोन मैल अलीकडे उतरवून बसने नेण्याची पद्धत आली. २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने, आणि पुढे गर्दीच्या कारणासाठीही काही हंगामांत, मोटारीने येणाऱ्यांना आधी वेळ राखून ठेवावी लागली. बसने येणाऱ्याला मात्र ती अट नव्हती.

या व्यवस्थेत एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. मर्सेडला रेल्वेने उतरून बसमध्ये बसणारा आजचा प्रवासी नदीच्या काठाने एल पोर्टलवरून दरीत जातो. म्हणजे १९०७ साली रुळांवरून जी वाट होती, तीच आता त्याच खोऱ्यातून चाकांवर पुन्हा उभी राहिली आहे. शंभर वर्षांच्या अनुभवाने मनुष्य जेथून निघाला होता तेथेच येऊन पोहोचला, असे मात्र म्हणणे बरोबर होणार नाही. मधल्या काळात रस्त्यांनी कोट्यवधी सामान्य माणसांना ती दरी दाखविली, आणि त्यांच्या प्रेमातूनच तिच्या रक्षणाचे बळ उभे राहिले. बैठ्या श्रीमंतांच्या मुक्कामापेक्षा कामकरी माणसाची एका दिवसाची सहल ही लोकशाहीला अधिक जवळची आहे, यात संशय नाही. प्रश्न माणसांच्या येण्याचा नसून, प्रत्येक चौघांमागे एक टनभर लोखंड सोबत येण्याचा आहे.

माथेरानने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. तेथे मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात, आणि पुढे पायी, घोड्यावर वा छोट्या गाडीने जावे लागते. त्यामुळे तेथे गैरसोयी होतात आणि वादही होतात. परंतु डोंगरमाथ्यावर मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. ताडोबापासून काझीरंगापर्यंत आपल्या देशातील राष्ट्रीय उद्यानांनाही हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो: किती गाड्या, कोणत्या वेळी, कोणत्या दारापर्यंत. अशा स्थळी जाण्याचा बेत आखणारे कुटुंब आपल्यापुरता जो निर्णय घेते, त्याचीच लक्षावधी पटीने बेरीज होऊन अरण्याचे भवितव्य ठरते. योसेमिटीच्या अरुंद दरीने हे गणित फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे; ते इतरांनी तेवढी किंमत न देता शिकून घेणे शक्य आहे.