बागुलबुवा जातो, भानामती का जात नाही?

बागुलबुवा खोटा असतो, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते, कारण मोठी माणसेच हसून तसे सांगून टाकतात. हडळ, करणी, नजर आणि पोथीतला देव यांच्याबद्दल मात्र कोणी हसत नाही. मूल ते सगळे सोबत घेऊन मोठे होते आणि त्याला श्रद्धा म्हणू लागते.

लहानग्या भीमाने हा भेद मानला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब ते सांगतात. वडील मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्या गोष्टींनी पोरांचा न्यूनगंड जाईल, हा रामजीबाबांचा हेतू. मुलाला भीष्म-द्रोण ढोंगी वाटले, कृष्णाचे कपट पटले नाही, शूर्पणखा आणि वालीच्या प्रकरणातला राम खटकला. केळुसकर गुरुजींनी दिलेले बुद्धचरित्र त्याने वाचले ते असे तपासणारे मन घेऊन. (ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे.)

बावीस प्रतिज्ञांतली राम-कृष्णाला न मानण्याची प्रतिज्ञा आम्ही या मुलाच्या प्रश्नापासून वाचतो. नागपूरनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, चांद्यात धम्मदीक्षा झाली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. म्हणजे हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या दारात येऊन सत्तर वर्षे होत आली. शेजारच्या गडचिरोलीत तर काही गोंड गावे रावणाला मान देतात. एकाच्या गोष्टीतला राक्षस दुसऱ्याचा पूर्वज असतो. मग शाळेत गोंडाच्या पोराने दसऱ्याच्या धड्याला काय उत्तर द्यायचे?

आणि ही केवळ गोष्टींची बाब नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित वृद्धांना, बायांना भर चौकात खांबाला बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यात बारसेवाड्याला दोघांना मारहाण करून पेटवले. मारणारे सगळे प्रौढ होते. लहानपणी ऐकलेली चेटकीण त्यांना शेजारच्या घरात दिसली. संशय नेमका गावातल्या दुबळ्यावरच का जातो, हा जातीचा प्रश्न आहे आणि तो निव्वळ विज्ञान-प्रदर्शनांनी सुटत नाही.

आपली घरे यातून सुटली, असे कोणी म्हणू नये. दरवर्षी ऑक्टोबरात चांद्याच्या दीक्षाभूमीवर या. बापाच्या खांद्यावर निळा झेंडा असतो आणि कडेवरच्या लेकराच्या पायात नजरेचा काळा धागा.