फासे ठेवायचे की कापायचे?

(टेबलावर फासा घरंगळतो.)

हा खडखडाट मी आमच्या रेकॉर्डिंगमधून शेकडो वेळा कापलाय. आज मुद्दाम ठेवला, कारण विषयच तो आहे. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा पॉडकास्ट एडिट करताना काय ठेवायचं आणि काय उडवायचं, हे लोकांनी आजवर कसं ठरवलं?

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण प्रसंग सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे एकेक पात्र होतात आणि "मी दार ढकलतो" वगैरे बोलतात. दार उघडतं का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आलं, तिथून हे सुरू झालं. एक बैठक तीन-चार तास सहज चालते. त्यातला बराच वेळ नियम शोधण्यात, बेरजा करण्यात आणि चहा कोण टाकणार यात जातो. खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, ऐकणारा मात्र कंटाळतो. सगळी भानगड इथेच आहे.

आणि ही भानगड पॉडकास्टच्याही आधीची आहे बरं का. १९८६ मध्ये जपानच्या 'कॉम्प्टिक' मासिकात अशाच एका खेळाचं लेखी रूप क्रमशः यायला लागलं. खेळणारी मंडळी 'ग्रुप एसएनई'ची, गेम मास्टर र्‍यो मिझुनो. कोण काय बोललं ते नाटकाच्या संहितेसारखं छापलेलं. याला तिकडे 'रिप्ले' म्हणतात, म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय त्या ट्रान्सक्रिप्टचा थोरला भाऊच. मासिकाची पानं मोजकी, त्यामुळे गाळणं आलंच. यातूनच 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' उभं राहिलं, १९८८ ला कादंबरी आणि १९९० ला अ‍ॅनिमे. मला गंमत वाटते ती डीडलिटची. ही एल्फ मुलगी पुढे चाहत्यांची लाडकी झाली. टेबलावर ते पात्र खेळत होते हिरोशी यामामोतो, म्हणजे एक पुरुष लेखक! पण कागदाला आवाज नसतो ना. वाचणाऱ्याच्या कानात मुलगीच बोलते.

२००८ मध्ये 'अ‍ॅक्विझिशन्स इन्कॉर्पोरेटेड' आलं. खेळाची चौथी आवृत्ती लोकांपर्यंत पोचवायची म्हणून 'पेनी आर्केड' आणि 'पीव्हीपी' या वेबकॉमिक्सच्या मंडळींना खेळायला बसवलं आणि तेच पॉडकास्ट म्हणून सोडलं. तिथे नियम समजावणं हाच अर्धा हेतू, मग ते कापणार कसं?

खरी कात्री चालली ती 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'मध्ये, २०१४ साली. तीन मॅकेलरॉय भाऊ आणि त्यांचे वडील. एका भावाच्या घरी बाळ आलं, नेहमीच्या विनोदी पॉडकास्टला सुट्टी हवी होती, म्हणून भरतीला केलेला हा प्रयोग. सुरुवातीला तयार स्टार्टर सेटवरचा खेळ आणि नुसती चेष्टामस्करी. पण ग्रिफिन हा भाऊ गेम मास्टरही होता, एडिटरही, आणि पुढे संगीतही तोच करायला लागला. गोष्ट ज्याची, कात्रीही त्याचीच. माझ्या मते त्या मालिकेचा सूर यामुळेच जमला.

लगेच पुढच्या वर्षी, १२ मार्च २०१५ ला, 'क्रिटिकल रोल' ट्विचवर लाइव्ह सुरू झालं. लाइव्ह म्हटल्यावर कात्रीचा प्रश्नच मिटला. तीन-चार तासांचे भाग, त्यात बेरजा, थांबणं, सगळं आलं. आणि लोकांनी तेही ऐकलं!

आमच्यासारख्या खोलीत बसून रेकॉर्ड करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक दिला, तरी फासा टेबलावर आपटला की टेबलातून सगळ्यांच्या माइकमध्ये जातो. म्हणून ताटात जाड कापड घालून त्यात फासे टाकायचे. हसण्याचंही तसंच. एकाच्या ट्रॅकवरून हसू कापा, ते शेजारच्याच्या माइकमध्ये भुतासारखं उरतं.

या कटकटीला वैतागून मी एकदा शॉर्टकट मारला. ऑडॅसिटीत 'ट्रंकेट सायलेन्स' नावाची सोय आहे. अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी शांतता दिसली की छोटी करा, असं सांगितलं आणि झोपलो. सकाळी भाग टाकला. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून मूळ फायली उडवल्या.

त्या भागात आमच्या एका मित्राच्या पात्राचा भाऊ पुलाखाली अडकला होता. गेम मास्टरने विचारलं, "तू काय करतोस?" मित्र गप्प. पंखा फिरत होता, कुणाची तरी खुर्ची करकरली. दहा सेकंद तरी गेली असतील. मग तो हळूच म्हणाला, "जातो मी पुढे." माझ्या एडिटमध्ये प्रश्न संपतो न संपतो तोच त्याचं उत्तर येतं, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसं.

त्याचा फोन आला. "अरे, मी त्याला इतक्या सहज सोडलं नव्हतं."

मी मधे कोरी शांतता घालून पाहिली. जमलं नाही. पंखा मधेच बंद पडतो, खोलीच नाहीशी होते, ऐकणाऱ्याला वाटतं फोन हँग झाला. पुन्हा रेकॉर्ड करू म्हटलं, तर तो म्हणाला, "आता मला उत्तर माहितीये रे."

आता मूळ फायली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. तो भाग मात्र अजून तसाच आहे. ऐकलात तर "जातो मी पुढे"च्या आधी पॉज दाबा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.